पाच व्हिडिओंचं टार्गेट देण्याआधी : मुख्याध्यापकांना खुले पत्र

बीड जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक सर आणि मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या जुलैत आमचे मुख्याध्यापक राउंडला निघाले आणि दहावी ‘ब’च्या दारात थबकले. आतून आठवडी बाजारासारखा कालवा ऐकू येत होता. फळ्यावर एक प्रश्न, त्याखाली चार पर्याय, बाकी फळा कोरा. खुर्ची रिकामी. सरांनी आवाज चढवला, ‘‘कोणाचा तास आहे? सर आले नाहीत का?’’ वर्ग चिडीचूप झाला आणि मी शेवटून दुसऱ्या बाकावरून उठून उभा राहिलो. तिथे दोन मुलींचं भांडण ऐकत बसलो होतो. एक म्हणत होती, अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतंच, म्हणून ती माणसं तरंगतात. दुसरी म्हणत होती, ‘‘मग चंद्र कशानं फिरायलाय?’’

सर काही बोलले नाहीत. नंतर ऑफिसात बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, ‘‘हेतू चांगला आहे तुमचा, पण दहावीचा वर्ग आहे.’’ मी पंधरा मिनिटं काय चाललंय ते सांगितलं. पहिल्या घटक चाचणीपर्यंत करून बघा, म्हणाले. त्या एका वाक्यावर माझं वर्ष निभावलं, हे त्यांना कदाचित माहीतही नसेल.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. यंदा प्रशिक्षणांत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, स्टाफरूममध्ये ‘फ्लिप्ड क्लासरूम’ (धडा घरी ऐकायचा, सराव वर्गात करायचा) हा शब्द फार ऐकू येतोय. तुमच्यापैकी काही जणांनी मला उत्साहाने सांगितलं की जूनपासून आम्हीही सुरू करणार, प्रत्येक विषयशिक्षकाने महिन्याला पाच व्हिडिओ बनवायचे, लिंक ऑफिसला द्यायची. ते ऐकून पोटात गोळा आला. मी या पद्धतीचा विरोधक नाही. गेली चार वर्षं धडपडत तीच करतोय, म्हणूनच सांगतो, व्हिडिओपासून सुरुवात केलीत तर दिवाळीपर्यंत सगळं बंद पडेल.

आधी ही गोष्ट निघाली कुठून ते बघा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डोंगरातल्या वुडलँड पार्क नावाच्या लहानशा गावात जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स हे दोघे रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांची अडचण अगदी आपल्यासारखी होती : गैरहजर मुलं. सामने असले की तिथली मुलं दूरदूरच्या गावांना जायची आणि तास बुडायचे. 2007 मध्ये या दोघांनी आपलं शिकवणं रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली, तीही फक्त बुडालेल्यांसाठी. मग त्यांच्या लक्षात आलं की समजावून सांगणं मुलं घरी ऐकू शकत असतील, तर वर्गातला वेळ गणितं, प्रयोग आणि अडलेल्याला हात देणं यासाठी मोकळा होतो. ऐकायचं घरी आणि करायचं शाळेत, एवढीच ती उलथापालथ.

आपल्याकडे मुलं सामन्यांना जात नाहीत. दिवाळीनंतर निम्मी आळी कोयते घेऊन कारखान्यांकडे निघते. मागे आजीजवळ राहिलेली मुलगी शाळेत येते, तिचा भाऊ आईबापाबरोबर फडात असतो आणि मार्चमध्ये परत आल्यावर ‘सर, काय झालं मधे?’ विचारतो. सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, लग्नसराई, यात्रा आहेतच. म्हणून त्या दोघांची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, हे आपल्यासाठीच आहे.

आणि मी तीच चूक केली जी आता तुम्ही करायला निघाला आहात. पुस्तकांच्या थप्पीवर फोन टेकवून मी ‘गतीचे नियम’चा चोवीस मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात शेजारच्या गिरणीची घरघर आहे, एकदा दूधवाला आहे. रात्री अकराला ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी नववीच्या अठ्ठावन्न मुलांना विचारलं, किती जणांनी पाहिला? नऊ हात वर आले, त्यातलेही दोन माझ्या चेहऱ्याकडे बघून. मी वैतागलो आणि पुन्हा पहिल्यापासून फळ्यावर शिकवायला लागलो. ज्या नऊ जणांनी पाहिला होता त्यांना मी त्या दिवशी पद्धतशीर शिकवलं की घरी काही पाहायची गरज नसते, सर शाळेत सांगतातच. पुढच्या व्हिडिओला चार हात.

तुमच्या शाळेतल्या कोणाही शिक्षकाने हे सुरू केलं, तर त्याला एवढंच सांगा : ज्यांनी तयारी केली नाही त्यांच्यासाठी वर्ग थांबवून धडा परत सांगायचा नाही. न केलेल्यांनी पहिली दहा मिनिटं मागच्या बाकांवर बसून टिपण वाचायचं आणि मग सामील व्हायचं. आठवडाभर कुरकुर होते. नंतर मुलंच एकमेकांना टोकतात.

पण मुलांनी व्हिडिओ का पाहिला नाही याचं कारण आळस असतं, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. घरोघर विचारल्यावर वेगळंच निघालं. घरात फोन एकच, तो वडिलांच्या खिशात. वडील सकाळी मोटारसायकलवर जातात ते रात्री नऊला येतात. मग फोन चार्जिंगला, नाहीतर थोरल्या भावाकडे. ‘असर’ या शिक्षणाच्या स्थितीवरच्या अहवालाच्या 2023 सालच्या पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारलं होतं. घरात स्मार्टफोन जवळपास 90 टक्क्यांकडे होता. पण फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेली मुलं 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के. माझ्या वर्गातल्या मुलींना हा आकडा दाखवला तर ‘एवढ्या कुठल्या?’ म्हणतील. शिवाय फोन मिळालाच तरी त्या वेळेला भांडी असतात, पाणी असतं, धाकटा असतो. ‘व्हिडिओ घरी बघून या’ हे वाक्य वर्गातल्या अर्ध्या मुलांना उद्देशून असतंच असं नाही, हे मला कळायला एक वर्ष लागलं.

म्हणून मी कागदावर आलो. आता धड्याआधी दोन दिवस मी एक पान हाताने लिहितो, पाठपोट झेरॉक्स काढतो. त्यात पाठ्यपुस्तकातला कोणता भाग वाचायचा, कोणती आकृती नीट बघायची, एक सोपं उदाहरण सोडवून दाखवलेलं आणि शेवटी दोन रिकाम्या ओळी : ‘मला इथे अडलं’. पंधरा-वीस मिनिटांचं काम. ज्यांना फोन मिळतो त्यांच्यासाठी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड आहेच, दीक्षा अ‍ॅपवर तो उघडतो. मी स्वतः आधी बघतो आणि पाच-सहा मिनिटांपेक्षा लांब असेल तर नेमका कुठला भाग पाहायचा ते पानावर लिहितो. हे सहा मिनिटं माझ्या मनाचं नाही. फिलिप गुओ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरचे व्हिडिओ सुमारे 69 लाख वेळा कसे पाहिले गेले ते तपासलं, तेव्हा सहा मिनिटांपुढे लक्ष टिकत नाही असं दिसलं. ते तर स्वखुशीने अभ्यासक्रमाला बसलेले मोठे लोक होते. मी चोवीस मिनिटं बोललो होतो, गिरणीसह.

आमच्या मराठीच्या मॅडम हे सगळं ऐकून हसल्या. ‘‘कविता घरून वाचून या, उद्या बोलू, हे आम्ही वीस वर्षं सांगतोय. त्याला इंग्रजी नाव आहे होय?’’ त्यांचं खरं आहे. फरक असला तर इतकाच की विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना समजावून सांगणं म्हणजेच शिकवणं वाटतं, आणि मुलाला स्वतः काही करायची वेळ येते तेव्हा तो घरी एकटा असतो. शेजारी गाईड असतं. मग गाईडमधलं उदाहरण वहीत उतरतं आणि आपण लाल शाईने सही करतो.

आता वर्गात काय होतं ते सांगतो, कारण सगळा जीव तिथे आहे. तुम्ही राउंडला याल तेव्हा तेच दिसेल आणि तेच खटकेल.

हार्वर्डमध्ये एरिक मेझर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मुलांना त्यांचं शिकवणं आवडायचं, अवघड गणितंही मुलं सोडवायची. 1990 च्या सुमारास त्यांनी बल आणि गतीवरचे अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न वर्गाला दिले, तर मुलं गडबडली. एका विद्यार्थिनीने विचारलं की याची उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला एरवी वाटतं तशी? हा प्रश्न हार्वर्डला पडतो तर केज-धारूरला का पडू नये? मेझरांनी मग वर्गात बोलणं कमी केलं. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं.

दहावीचा पहिला धडा गुरुत्वाकर्षण. आदल्या दिवशी मुलांनी पानावरून g चं, म्हणजे गुरुत्व त्वरणाचं, सूत्र वाचलेलं असतं. पहिली पाच मिनिटं ‘मला इथे अडलं’च्या ओळी मी भरभर वाचतो आणि त्यातलं एक-दोन फळ्यावर सोडवतो. मग प्रश्न : आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात अंतराळवीर तरंगतात, कारण (अ) तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, (ब) तिथे हवा नसते, (क) स्थानक आणि ते दोघेही सतत खाली पडत असतात, (ड) चंद्र त्यांना वर ओढतो. एक मिनिट कोणी बोलायचं नाही. मग मी ‘मत’ म्हणालो की प्रत्येकाने छातीजवळ बोटं धरायची, अ ला एक, ब ला दोन. छातीजवळ अशासाठी की पुढच्याला दिसू नये आणि हुशार मुलाकडे बघून कोणी बोट बदलू नये. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. एका नजरेत कळतं : निम्म्याहून जास्त ‘अ’. दरवर्षी.

उत्तर मी सांगत नाही. इथेच पहिले काही महिने माझी जीभ वळवळायची. मेझरांचा ठोकताळा असा की बरोबर उत्तरं 30 ते 70 टक्क्यांच्या मधे असली तर मुलांना एकमेकांत बोलू द्यावं. त्याहून कमी असली तर आपणच थोडं समजवावं, जास्त असली तर पुढे जावं. ‘क’ला साधारण तिसरा हिस्सा बोटं असतात, म्हणून मी म्हणतो, शेजाऱ्याचं मत वेगळं असेल त्याला पटवा. आणि बाजार भरतो. तुम्ही दारात थांबता तो नेमका हा क्षण.

चंद्र कशानं फिरायलाय, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या टाचणात नव्हता. त्या मुलीने काढला आणि तीन बाकांवर पसरला. मग मी फळ्यावर दोनच आकडे लिहिले : पृथ्वीची त्रिज्या 6400 किलोमीटर, स्थानकाची उंची सुमारे 400. मुलांनी स्वतः मांडलं, 6400 ला 6800 ने भागायचं, म्हणजे 16 छेद 17, त्याचा वर्ग 256 छेद 289, गुणिले जमिनीवरचा g, म्हणजे 9.8. उत्तर 8.7 च्या आसपास. वर्गात शांतता. जमिनीवर 9.8 आणि तिथे 8.7! मग ‘नाही’ कसं म्हणायचं? दुसऱ्या मतदानात ‘क’ला तीन-तीन बोटं इतकी की मोजायची गरज पडली नाही.

तरी काही मुलांना पटत नव्हतं. त्यांना घेऊन व्हरांड्यात गेलो. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ भोक पाडलं, पाणी भरलं, धार लागली. वरच्या मजल्यावरून बाटली सोडली, आणि पडत असताना धार बंद. बाटलीही पडते, पाणीही त्याच वेगाने पडतं, मग पाणी बाहेर यायला त्याला ढकलणार कोण? विहिरीत दोर तुटलेली बादली आठवा, असं एकाने दुसऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं. चार वेळा बाटली टाकली. तिसऱ्या वेळेला शिपाई मामा भिजले.

हे सगळं पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसत नाही. इथे तुमची गरज आहे. मला आठवड्यातून एक जोड तासिका मिळाली, तेव्हा ही पद्धत जमली. एका तासिकेत प्रश्न पडतो आणि घंटा होते. वेळापत्रक तुमच्या हातात आहे. शारीरिक शिक्षण किंवा चित्रकलेच्या तासिका घेऊन मात्र जोड करू नका, त्या विषयांचं आधीच पुरेसं वाटोळं केलंय आपण. विज्ञानाच्याच दोन तासिका शेजारी-शेजारी आणल्या तरी भागतं.

वर्गातला वेळ वाचेल, एक शिक्षक दोन तुकड्या सांभाळेल, असा हिशेब कोणी मनात करत असेल तर तोही सोडा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2019 मध्ये अशा 114 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. फ्लिप्ड वर्गात मुलं थोडी जास्त शिकतात, फार मोठी उडी नाही. आणि फायदा तिथे जास्त दिसला जिथे प्रत्यक्ष वर्गातला वेळ कमी केला नव्हता आणि छोट्या चाचण्या घातल्या होत्या. मुलं जास्त खूश झाली का? तसं काही दिसलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पहिल्या महिन्यात मुलं तुमच्याकडे तक्रार घेऊन येतील. ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.’ पालकही येतील. एक पालक मला म्हणाले, ‘‘पगार तुम्हाला आणि शिकवायचं पोरांनी?’’ त्यांना मी वर्गात बसवलं. अर्ध्या तासाने त्यांनी ‘ब’ला मत दिलं होतं आणि पुढच्या बाकावरच्या पोराशी हुज्जत घालत होते. तुम्ही पालकसभेत दोन वाक्यं आधीच बोलून ठेवलीत तर शिक्षकाचे दोन महिने वाचतात. 2020-21 मधल्या ऑनलाइन शाळेची आठवण अजून ताजी आहे, ‘पुन्हा मोबाईल?’ असं पालक धास्तीने विचारतात. पोर मोबाईलवर एकटं बसून शिकणार नाही, वर्गातच शिकणार आहे, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

पोर्शनचं म्हणाल, तर खोटं बोलत नाही, वेळ जातो. मी एका सत्रात दोन, फार तर तीन धडे असे घेतो. गुरुत्वाकर्षण, उष्णता, भिंगे. धातुविज्ञान सरळ फळ्यावर शिकवतो, त्यात काही कमीपणा नाही. आणि एका धड्याच्या तयारीला माझा एक रविवार आणि दोन संध्याकाळी जातात, कारण तीन चुकीच्या पर्यायांत मुलं खरोखर फसतील असा प्रश्न तयार करणं हे व्हिडिओ करण्यापेक्षा अवघड आहे. मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी यातून उरलेल्या वेळात महिन्याला पाच व्हिडिओ मागितलेत तर शिक्षक काय करेल तुम्हालाही ठाऊक आहे. युट्यूबची लिंक पुढे ढकलेल, रकाना भरेल, आणि ‘शाळेत फ्लिप्ड क्लासरूम सुरू’ असा फोटो ग्रुपवर पडेल.

म्हणून विनंती अशी की या जूनमध्ये सर्वांना आदेश नको. शाळेतला ज्याला करायचंय असा एक शिक्षक शोधा, विषय कुठलाही असो. त्याला एक धडा निवडू द्या, एक जोड तासिका द्या आणि झेरॉक्सचे पैसे शाळेच्या खर्चातून द्या. साठ मुलांचं पाठपोट पान सव्वाशे रुपयांच्या आसपास जातं. मी दोन वर्षं खिशातून घातले, त्याबद्दल रुसवा नाही, पण नव्या शिक्षकाने घालू नयेत. टाचणवहीत त्या दिवशी ‘स्पष्टीकरण’च्या जागी फक्त प्रश्न आणि पर्याय लिहिलेले असले तर सही करा. फोटो मागू नका, कारण कॅमेरा दिसला की मुलं भांडायची थांबतात. आणि राउंडला आलात, आवाज ऐकू आला, तर आत या. ‘कोणाचा तास आहे?’ असं दारातून विचारू नका. शेवटच्या बाकावर बसा आणि शेजारच्या मुलाला विचारा, तुझं उत्तर काय आणि का. त्याला ‘का’ सांगता आलं नाही, तर शिक्षकाला ऑफिसात बोलवा. चहा मात्र मागवा.

यंदा दहावी ‘ब’ला हाच धडा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. बुधवार, मधल्या सुट्टीनंतरच्या दोन तासिका. आमच्या सरांची परवानगी घेतली आहे, तेही बसणार आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी अवश्य यावं, फक्त मतदानात बोटं तुम्हालाही धरावी लागतील. आणि बाटली सोडू तेव्हा व्हरांड्याखाली उभं राहू नका.

आपला नम्र,
दहावीचा एक विज्ञान शिक्षक
बीड जिल्हा